ताराची डावी बाजू

उजवी बाजू

"काकी, मान घट्ट धर. हिनं अंग थरथरवलं की अक्षर तिरकं जातंय."

"म्हस हाय ती शशे, शाळंतला फळा न्हवं. धरतो मी. तू काप."

काकीनं ताराच्या गळ्यात हात टाकला आणि तिच्या कानामागे खाजवायला सुरुवात केली. तारानं डोळे मिटले. मी न्हाव्याकडून आणलेली बारीक कात्री पुन्हा केसांत घातली.

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, कपाळावर मोरपिसांचा तुरा बांधतात. आणि अंगावरचे केस कापून त्यात नावं, नक्षी, चित्रं काढतात. सगळ्यांत देखण्या म्हशीला पंच पहिला नंबर देतात. राहिलेला केस काळा दिसतो, कापलेला करडा. म्हणजे कागद काळा आणि रेघ करडी. चित्रकलेच्या वर्गात असा कागद मला कुणी दिला नव्हता.

उजव्या बाजूला काय असणार यावर घरात कधी वाद नसायचा. वर 'नाद नाही करायचा', खाली 'बापू गवळी', आणि दोन्हीच्या मध्ये वेल. वडील गेल्यावर याच बापूकाकानं मला वाढवलं, शिकवलं. म्हशींच्या दुधावर माझे ब्रश आले, रंग आले. त्यामुळे उजवी बाजू मी दर वर्षी मन लावून करायची. त्या वर्षीही केली. वेलाची पानं इतकी बारीक उतरली की काकी म्हणाली, "साडीच्या काठाला शोभंल."

मग आम्ही तारा फिरवून घेतली.


डावी बाजू

तिथं अजून काही नव्हतं. फक्त केस.

सकाळीच काका बाजेवर चहा पीत मला म्हणाला होता, "गेल्या साली तू वाघ काढलास. लोकांनी वाघ बघितला. म्हस कुणी बघितली? यंदा माया पायजे. पंचांच्या डोळ्यांत पाणी आलं पायजे."

"म्हणजे काय काढू?"

"म्हस रेडकाला चाटतीया, असं काढ. आई आन् लेकरू. ह्याच्या म्होरं वाघ काय आन् सिंह काय."

मी गोठ्याच्या कोपऱ्याकडे बघितलं. ताराचं रेडकू तिथं बांधलेलं होतं. नवरात्रात जन्मलेलं, नर. ते भिंतीचा चुना चाटत होतं. अंगावर केस होते म्हणून बरं, नाहीतर फासळ्या लांबूनही मोजता आल्या असत्या.

"कुठलं रेडकू, काका?"

"झालं. सणासुदीचं तीच रेकॉर्ड लावू नको."

रेकॉर्ड एवढीच होती: त्याला कासेतला एक सड द्या. ताराचे तीन तुमचे, एक त्याचा. ते जन्मल्यापासून मी हेच म्हणत होते आणि काका हेच उत्तर देत होता. "रेड्याला पाजून करायचं काय? नांगर न्हाई, रान न्हाई. का आमदार करायचाय त्याला?" मी रोज त्याचं चित्र काढून दुधाच्या कॅनशेजारी भिंतीला चिकटवायची. काकानं एकही फाडलं नाही. फक्त एकदा म्हणाला, "चित्रं काढून पोट भरतंय व्हय त्याचं?" आणि चुलतभाऊ विलासदादानं त्यातलंच एक घेऊन कॅनवर झाकण म्हणून ठेवलं.

आता पेंढ्याबद्दल सांगायला हवं.

आदल्या वर्षी ताराला झालेलं रेडकूही नरच होतं. ते असंच कोपऱ्यात बांधलं गेलं आणि थंडीत मेलं. रेडकू दिसलं नाही, हुंगायला मिळालं नाही की तारा पान्हा सोडत नाही, दूध वर ओढून धरते. म्हणून काकानं त्याचं कातडं काढून घेतलं, मीठ चोळून वाळवलं, आत पेंढा भरला आणि काकीनं दाभणात सुतळी ओवून पोट शिवलं. डोळ्यांच्या जागी दोन दोन टाके. गोठ्यात खुंटीला ते टांगलेलं असायचं. धारेच्या वेळी काका ते खाली काढायचा, त्याच्यावर मिठाचं पाणी शिंपडायचा आणि ताराच्या तोंडापुढे धरायचा. तारा चाटायची. चाटत चाटत पान्हवायची. पुष्कळ गोठ्यांतून असं एक असायचंच. आमच्यात त्याला पेंढ्या म्हणायचे.

यंदा जिवंत रेडकू चार हातांवर होतं, तरी धारेला पेंढ्याच निघायचा. जिवंत रेडकू दोन घोट तरी पितं. पेंढ्या पीत नाही.

"काका," मी सकाळी विचारलं होतं, "तारा जशी चाटते, तशीच काढू?"

"तशीच. जे हाय ते काढ. आपलं डोकं लावू नको त्यात."

"नक्की?"

"बापू गवळ्यानं एकदा सांगितलं म्हंजे सांगितलं."

म्हणून मी कात्री उचलली आणि जे होतं ते काढायला घेतलं.

आधी ताराची मान. मग वाकलेली शिंगं. मग जीभ. काकी मान वाकडी करून बघत होती. "आगं बया," ती म्हणाली, "जीभ बग की, वली वाटतीया!" जिभेच्या पुढे मी रेडकाचं तोंड काढलं. मग पाठ. मग चार पाय, काठीसारखे ताठ. खुर जमिनीला टेकले नव्हते. वर मानेपाशी दोरी, दोरीच्या वर खुंटी. मागच्या पायातून बाहेर आलेली पेंढ्याची काडी. मग पोटाखालून एक लांब रेघ आणि तिच्यावर आडवे आडवे टाके.

काकीचा हात सैल पडला. तारा हलली. कात्री घसरली आणि चार टाके एका बाजूला कलले.

काकी ताराच्या मानेपासून माझ्या बाजूला आली. काका मोरपिसं आणायला गेला होता, दादा गाडीचा सायलेन्सर काढून घ्यायला. गोठ्यात आम्ही दोघी आणि रवंथ.

"ह्यो पेंढ्या हाय," ती म्हणाली.

"हं."

तिनं टाक्यांवर बोट ठेवलं. एकेक टाका चाचपत शेवटपर्यंत गेली.

"हे मी घातल्यालं हैत."

मला वाटलं, आता ती काकाला हाक मारणार. नाहीतर माझ्या हातातली कात्री काढून घेणार.

"माझा टाका असा नसतोय," काकी म्हणाली. "वाकडा काढलायस. एकासारखा एक असतोय माझा टाका. सरळ."

"म्हैस हलली काकी. तू सोडलंस."

"मग नीट कर."

"आता नाही होणार. कापलेला केस चिकटत नाही."

तिनं पदर खोचला, कोपऱ्यातल्या रेडकाकडे एकदा बघितलं, तेलाची वाटी उचलली आणि चित्राच्या कडेनं काळ्या केसांवर तेलाचा हात फिरवला. चित्र एकदम उठून आलं. मग तिनं झूल आणून ताराच्या पाठीवर टाकली आणि डाव्या बाजूला पार खालपर्यंत ओढली.

त्यात नवल काही नव्हतं. एक बाजू झाकूनच ठेवायची पद्धत होती, दुसऱ्या गोठ्यातल्यांनी बघून नक्कल करू नये म्हणून.

संध्याकाळी काका आला. "दाव की गं."

"उद्या पंचांम्होरंच," काकी म्हणाली. "तेल लावलंय. धूळ बसंल."

"पर माया हाय न्हवं?"

"हाय," काकी म्हणाली. "मी बघितलीया."


समोरून

नदीकडच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणसं. हलगी. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा आवाज, आणि त्या आवाजामागे पळत जाणाऱ्या म्हशी. कुणाची म्हैस मालकाच्या शिट्टीसरशी उभी राहायची, कुणाची गुडघे टेकायची. ताराची ख्याती वेगळी होती. विलासदादा गाडी काढून पुढे निघाला की तारा गर्दी, फटाके, काही न बघता त्याच्या मागे पळायची, नाक थेट गाडीच्या कॅरियरला लावून. "लेकरागत जीव हाय तिचा विलासवर," असं लोक म्हणायचे. दादा मिशीला पीळ द्यायचा. कॅरियरला एक पोतं बांधलेलं असायचं. त्याच्याकडे कुणी बघायचं नाही.

पंच मांडवात बसले होते. मध्ये अण्णा वस्ताद, पांढऱ्या फेट्यातले. काकानं तारा मांडवासमोर आणली. तो तिच्या उजव्या अंगाला, कासरा हातात धरून उभा होता. डावी बाजू पंचांकडे, लोकांकडे. त्यानं तिथूनच हात लांब करून झूल ओढली आणि ती खाली पडली.

म्हणजे चित्र काकाला दिसलं नाही. त्याला दिसले ते चेहरे.

"वा!" कुणीतरी म्हणालं. "जीभ बघा जीभ!" टाळ्या सुरू झाल्या. काकाची छाती फुगली. मग एका बाईचा आवाज आला, शहरातली होती, कडेवर मूल होतं. "त्याला टाके का हो घातलेत? आजारी आहे का?"

टाळ्या शहराच्या होत्या, त्या थोडा वेळ चालू राहिल्या. पण गवळी लोक ओळीनं पुढेच उभे होते. त्यांना एका नजरेत कळलं. एकानं दुसऱ्याकडे बघितलं, दुसऱ्यानं जमिनीकडे. हलगीवाल्याचा हात मंदावला. अण्णा वस्तादांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बापू," ते म्हणाले, "हिकडं ये जरा. ह्या बाजूला."

काका वळसा घालून आला.

मी त्याच्यापासून एका हातावर होते. मी पळाले नाही, हे मुद्दाम सांगते.

"पूस," काका म्हणाला.

"केस हैत काका. खडू न्हवं."

"शशे, पूस म्हणतो!"

"तुम्हीच म्हणालात, जे हाय ते काढ."

त्याचा हात वर गेला. तेवढी माणसं बघत होती, म्हणून तो हात तसाच वर राहिला. मग तो खाली आला आणि इकडेतिकडे काहीतरी शोधायला लागला. "झूल आणा! झूल कुठाय? कुठं गेली?"

"मी बसलोय तिच्यावर," काकी म्हणाली.

ती फुटपाथच्या कडेला झुलीवर मांडी घालून बसली होती.

"ऊठ."

काकी उठली नाही. लग्नाला वीसेक वर्षं झाली असतील. इतक्या वर्षांत काका 'ऊठ' म्हणाला आणि ती उठली नाही, असं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यानंही बहुतेक पहिल्यांदाच.

"विलास!" काका ओरडला. "गाडी मार! चल!"

म्हैस पळाली की चित्र कोण बघतंय, असं त्याला वाटलं असणार. दादानं किक मारली. आवाज झाला. तारा उसळली आणि नाक पोत्याला लावून पळाली, आणि तिची डावी बाजू रस्त्याभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेका माणसासमोरून गेली.

चित्रातली म्हैस जीभ काढून खुंटीवरच्या रेडकाला चाटत होती. त्याच म्हशीची खरी जीभ पोत्याला लागली होती.

पहिल्यांदा कोण ओरडलं ते माहीत नाही. "पोत्यात काय हाय रे?" मग दुसरा. मग चौकातल्या तालमीची सगळी पोरं एका सुरात, हलगीच्या ठेक्यावर: "पोतं उघड! पोतं उघड!"

पुढे माणसं आडवी आली. दादानं ब्रेक मारला. तो पोतं उघडणार नव्हता, पण तारानं वाट बघितली नाही. तिनं पोत्याच्या तोंडाला बांधलेली दोरी जिभेनं ओढली, शिंग घातलं, आणि पेंढ्या रस्त्यावर पडला. पाठीवर. चारी पाय वर, ताठ. काकीचे टाके उन्हात.

तारा त्याच्यावर उभी राहिली आणि चाटायला लागली. कपाळापासून पाठीपर्यंत, परत कपाळ. चाटता चाटता तिचे सड गळायला लागले. कुणी हात लावला नव्हता. दूध फटाक्यांच्या लाल कागदांवर पडत राहिलं.

कुणी हसलं नाही. मघाची ती बाई मुलाचं तोंड आपल्या खांद्यात दाबून उभी होती.

अण्णा वस्ताद चालत आले. माझ्यासमोर थांबले. "पोरी, लई वंगाळ केलंस. सणाच्या दिवशी."

"वंगाळ काय हाय वस्ताद?" मी विचारलं. "चित्र, का पेंढ्या?"

त्यांनी रस्त्यावरच्या पेंढ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आमच्या गोठ्यातबी हाय एक." आणि परत फिरले.

त्या वर्षीचा पहिला नंबर एका वाघाला मिळाला.


(बाजू नसलेला तुकडा)

हल्ली माझी चित्रं कत्तलखान्याच्या भिंतीबाहेर लागतात, सर्कसच्या तंबूसमोर लागतात, कधी प्रदर्शनातही. अशाच एका प्रदर्शनात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलीनं विचारलं, "पण त्या म्हशीच्याच अंगावर? तिची परवानगी घेतली होती का तुम्ही?"

नाही घेतली. कात्री तिच्या अंगावर चालणारच होती. कात्री काय बोलेल, तेवढंच माझ्या हातात होतं.


पुन्हा डावी बाजू

"गोठ्यात पाय ठेवायचा न्हाई," काकानं त्याच दुपारी सांगितलं. "घरात जेव, झोप, काय ती चित्रं काढ. गोठ्यात दिसलीस तर तंगडं तोडीन."

मी गोठ्यात गेले नाही. रेडकू तिथंच बांधलेलं होतं, माझ्या खिडकीतून त्याचं शेपूट तेवढं दिसायचं.

चित्राचं मात्र काकाला काही करता येईना. ते घालवायचं तर सगळी डावी कूस भादरायला हवी होती. थंडी तोंडावर आलेली. भादरलेली म्हैस गारठली तर दूध आटतं. आणि अर्धी भादरलेली म्हैस घेऊन कट्ट्यावर कोण उभं राहील?

कट्ट्यावर तर जायलाच हवं होतं. आमच्याकडे गिऱ्हाईक दूध घ्यायला घरी येत नाही. म्हैस गिऱ्हाइकाकडे जाते. संध्याकाळी चौकातल्या कट्ट्यावर म्हशी उभ्या राहतात, डोळ्यांसमोर धार काढायची, फेसाचा ग्लास हातात द्यायचा. गोठ्यात जायला मला बंदी होती. रस्ता काकाचा नव्हता. मी समोरच्या पानपट्टीजवळ उभी राहून बघायची.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ताराभोवती नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. ग्लास हातात घेऊन लोक डावीकडून उभे होते. शाळेतल्या इनामदारबाई वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाईक. त्यांनी ग्लास तोंडाला लावला नाही.

"बापू, हिचं रेडकू कुठंय?"

"घरी हाय की बाई."

"घरी म्हणजे खुंटीला?"

मागचे हसले. काका लालबुंद झाला. "जिवंत हाय! चांगलं धडधाकट हाय!"

"मग आण की. बघू दे आम्हालाही धडधाकट." आणि बाईंनी ग्लास कट्ट्याच्या दगडावर उपडा ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळीही त्यांनी तेच विचारलं. तोवर शेजारच्या म्हशींच्या गिऱ्हाइकांनाही प्रश्न सुचला होता. "तुमचं कुठंय हो?" "आन् तुमचं?" कट्ट्यावर एकामागोमाग एक ग्लास उपडे पडायला लागले.

त्यानंतरच्या संध्याकाळी रेडकू आलं. त्याला चौकापर्यंत चालवत आणण्यात अर्थ नव्हता, ते मध्येच बसलं असतं. विलासदादानं त्याला गाडीवर आणलं. कॅरियरवर, जिथं पोतं असायचं तिथं, एका हातानं मागे धरून.

काकानं ते ताराच्या सडाला लावलं. दोन घोट झाले आणि त्यानं कान धरून मागे ओढलं.

"एवढ्यात झालं?" इनामदारबाई म्हणाल्या.

"बाई, लोक खोळंबल्यात."

"कोण खोळंबलंय?" बाईंनी मागे वळून विचारलं. "कुणाला घाई आहे का हो?"

कुणालाच नव्हती. कट्ट्यावर एवढा निवांतपणा मी कधी पाहिला नव्हता. काका कान धरून उभा राहिला. मग त्यानं सोडला.

तेव्हापासून रोज. काकानं मला एक शब्द विचारला नाही, मीही सांगितला नाही. ताटात भाकरी पडत होती, पेल्यात दूध पडत होतं. मी दूध प्यायचं सोडलं, तेही कुणी विचारलं नाही.

पण केस वाढतात.

थंडीत तर दाट वाढतात. आधी पेंढ्याची काडी बुजली. मग खुंटी. मग दोरी. संक्रांतीपर्यंत माझी जीभ, जिला काकी ओली म्हणाली होती, ती नुसता एक करडा डाग झाली. मी पानपट्टीजवळ उभी राहून बघायची आणि मला दिसायचं की लोक आता उजवीकडूनही उभे राहतात. नवी गिऱ्हाइकं काही विचारत नाहीत. इनामदारबाई मुलीकडे पुण्याला गेल्या होत्या. काकाचा हात परत रेडकाच्या कानावर लवकर यायला लागला होता. चार घोट. मग तीन. टाके बुजले की रेडकाला परत कोपरा आहे, चुना आहे, खुंटी आहे. आणि गोठ्यात मला पाय ठेवायचा नव्हता.

शिमग्याच्या आधीची एक संध्याकाळ. मी पानपट्टीजवळ होते. काका तारा घेऊन चौकात वळला. तिची डावी बाजू माझ्याकडे होती.

चित्र नवं होतं.

माझं नव्हतं. म्हशीचं तोंड डुकरासारखं झालं होतं, शिंगं एकमेकांत अडकली होती, रेडकाचे पाय ओंडक्यासारखे. जन्मात कधी चित्र न काढलेल्या हातानं, कात्रीनं, जोर लावून लावून कापलेलं. कड कुठे खोल, कुठे उथळ. पण पोटाखालची रेघ ताणलेल्या दोरीसारखी होती, आणि तिच्यावरचे टाके एकासारखे एक. सरळ.

काका ताराच्या उजव्या बाजूनं चालत होता. उगाच पुढे बघत.

काकी आधीच कट्ट्यावर येऊन ग्लास विसळत होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. दादानं रेडकू खाली उतरवलं. आता ते स्वतःच्या पायांवर ताराकडे पळालं आणि ढुशी मारून सडाला लागलं. एका नव्या गिऱ्हाइकानं ग्लास पुढे केला.

"थांबा की," काकी त्याला म्हणाली. "आदी त्याचं हू दे."